बुरुड राजाचा कोट आणि मातीचे तेरा तुकडे

विरारच्या पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराच्या पायथ्याशी पापडखिंडीच्या धरणाकडे पसरलेला फुलपाडा आणि रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर असलेले सोपारे ही दोन्ही ठिकाणे आज वसई-विरार या एकाच महानगराच्या पोटात गेली आहेत. प्राचीन काळी मात्र हा सगळा टापू शूर्पारक या बंदराच्या नावाने ओळखला जात असे. वैतरणा आणि उल्हास या दोन नद्यांच्या खाड्यांमध्ये वसलेल्या या बंदराची नोंद ग्रीक भूगोलवेत्ता टॉलेमी याच्या ग्रंथात आणि ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत सापडते, पाली ग्रंथांत त्याला सुप्पारक म्हटले आहे, तर महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेला निघालेले पांडव येथे येऊन गेल्याचे वर्णन आहे. खाड्या गाळाने भरत गेल्या, मोठी गलबते येईनाशी झाली आणि बंदर शेती-बागायतीच्या गावात विरून गेले.

बंदर गेले, तरी त्याच्याभोवती साठलेले अर्थ गेले नाहीत. जीवदानीचा डोंगर दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या लाव्हारसाच्या थरांचा आहे. त्या कातळात माणसाने लेणी कोरली, आणि लोकपरंपरेने ती पांडवांच्या नावावर जमा करून तेथील देवीला जीवदान देणारी माता म्हटले. भूशास्त्र, पुरातत्त्व आणि भक्ती यांनी एकाच कातळाविषयी तीन वेगळी विधाने केली असली, तरी दसऱ्याच्या सुमारास पायऱ्या चढून जाणाऱ्या भाविकाला त्यांतले एक खोडून दुसरे मांडण्याची गरज पडत नाही. परंतु सर्वच ठिकाणी हे प्रकरण इतके सोपे राहिले नाही. सोपाऱ्यातील ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडात १८८२ साली जे सापडले, त्याने एका अत्यंत काटेकोर संशोधकालाही शास्त्र आणि श्रद्धा यांच्यामधली सीमा ओलांडायला लावली. म्हणून तो प्रसंग तपशिलाने पाहण्यासारखा आहे.

त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सोपाऱ्यावर एका धर्माची मालकी कधीच नव्हती. परशुरामाने समुद्र मागे हटवून कोकणची भूमी मिळवली, या कथेत शूर्पारकाला मानाचे स्थान आहे, आणि ही केवळ उशिराच्या माहात्म्यग्रंथांची कल्पना नव्हे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने नाशिकच्या पांडवलेण्यांत कोरविलेल्या लेखात सोपाऱ्याच्या रामतीर्थाचा उल्लेख आहे आणि तेथील चरकांना, म्हणजे फिरत्या व्रती साधूंना, दान दिल्याचे सांगितले आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला हा लेख बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या लेण्यात आहे, हे आजच्या वाचकाला नवलाचे वाटेल, उषवदाताला ते वाटले नसावे. त्याच सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या बौद्ध भाणकाने, म्हणजे ग्रंथ मुखोद्गत करून म्हणणाऱ्या भिक्षूने, कार्ल्याच्या चैत्यगृहात धातू असलेला एक खांब दान केला. ‘धातू’ म्हणजे येथे लोखंड-तांबे नव्हे. बुद्धाच्या किंवा थोर भिक्षूच्या अस्थी, राख, केस किंवा त्याने वापरलेली वस्तू यांना बौद्ध परंपरा धातू म्हणते, आणि जिच्या पोटात धातू ठेवलेला असतो त्या घुमटाकार बांधणीला स्तूप म्हणते.

बौद्ध वाङ्मयात सोपाऱ्याची सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे पूर्ण नावाचा व्यापारी. भिक्षू झाल्यावर तो आपल्याच प्रदेशात परत जायला निघाला, तेव्हा तेथील माणसे उग्र आहेत, ती शिव्या देतील, मारतील, जीवही घेतील, असे बुद्धाने त्याला एकेक पायरी चढवत विचारले, आणि पूर्णाने प्रत्येक वेळी त्याहून वाईट घडले नाही यातच त्यांचा चांगुलपणा मानीन, असे उत्तर दिले. संस्कृतातील ‘दिव्यावदान’ या कथासंग्रहात ही गोष्ट पुढे वाढते. समुद्रात सापडलेल्या व्यापाऱ्यांना पूर्ण वाचवतो, त्यांच्या चंदनाच्या लाकडातून सोपाऱ्यात विहार उभा राहतो आणि बुद्ध आपल्या शिष्यांसह आकाशमार्गाने तेथे येतो. ऐतिहासिक बुद्ध गंगेच्या खोऱ्याबाहेर पश्चिम किनाऱ्यापर्यंत आल्याचा पुरावा नाही. तरीही कथेचा उपयोग स्पष्ट आहे. एका दूरच्या बंदराला ती धर्माच्या उगमाशी थेट जोडते, आणि हेच काम, वेगळ्या साधनाने, टेकाडाच्या पोटातला करंडक करणार होता.

या टेकाडापाशी पोचलेले संशोधक भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म १८३९ साली जुनागढला झाला. गिरनारच्या वाटेवर अशोकाचे शिलालेख कोरलेला प्रचंड खडक त्यांच्या गावाजवळच होता, आणि जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास उलगडलेल्या ब्राह्मी लिपीच्या तक्त्यावरून त्यांनी लहान वयातच तो वाचण्याची खटपट सुरू केली. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांच्या शिफारशीने ते मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. भाऊ दाजी हे पेशाने वैद्य, कुष्ठरोगावर औषध शोधणारे, आणि त्याच वेळी आर्यभट व वराहमिहिर यांच्या कालनिर्णयावर शोधनिबंध लिहिणारे विद्वान होते. त्यांच्यासाठी भगवानलालांनी देशभर हिंडून शिलालेखांचे ठसे आणि नकला आणल्या. १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन झाल्यावर ते स्वतंत्रपणे काम करू लागले. इंग्रजीवर त्यांचा हात बसलेला नव्हता, त्यांचे लेख इतरांच्या मदतीने इंग्रजीत जात, तरीही हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्या काळच्या मुंबईत अशी माणसे आणखीही होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर नाशिकच्या लेण्यांतले लेख वाचून सातवाहन राजांची वंशावळ लावत आणि रविवारी प्रार्थना समाजात उपासना चालवत. ग्रंथाची ऐतिहासिक चिकित्सा केली म्हणून ईश्वरावरची निष्ठा सोडावी लागते, असे त्यांना कधी वाटले नाही.

१८८२ च्या एप्रिलमध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल ठाणे जिल्ह्याची माहिती गोळा करीत असताना, भगवानलालांनी सोपाऱ्याचे टेकाड खोदले. विरारहून मुंबईपर्यंत आगगाडी १८६७ पासून धावत होती, त्यामुळे जागा आडबाजूची राहिली नव्हती. गावकऱ्यांच्या लेखी मात्र तो कोणा बुरुड राजाचा पडका किल्ला होता, बौद्ध स्तूप म्हणून त्याची आठवण कोणालाच उरली नव्हती. मध्यभागापर्यंत खोदत गेल्यावर विटांच्या बांधणीत एक गोल दगडी पेटी लागली. तिचे दोन सारखे भाग होते, एक तळाचा, एक झाकणाचा. झाकण उचलल्यावर मधोमध तांब्याचा अंडाकृती करंडक आणि त्याच्याभोवती कडे करून बसविलेल्या आठ धातुमूर्ती दिसल्या. त्यांतल्या सात मूर्ती मानुषी बुद्धांच्या होत्या, म्हणजे विपश्यीपासून शाक्यमुनी गौतमापर्यंत होऊन गेलेल्या सात बुद्धांच्या, आणि आठवी मैत्रेयाची, जो बौद्ध परंपरेनुसार अजून यायचा आहे. तांब्याच्या करंडकात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, दगडाच्या आत स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. मधल्या जागेत सोन्याची नाजूक फुले, मणी आणि रत्ने ठेवलेली होती. गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे, त्याचा मुखवटा उमटवलेले, न झिजलेले चांदीचे नाणेही त्या ठेवीत मिळाले. सर्वांत आत, सोन्याच्या डबीत, अस्थी नव्हत्या. तेथे होते भाजक्या मातीच्या भांड्याचे तेरा छोटे तुकडे.

पुरातत्त्वाच्या दृष्टीने पहिला प्रश्न काळाचा होता. यज्ञश्री सातकर्णीचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, आणि नाणे हातोहात फिरून झिजलेले नसल्याने ते टांकसाळीतून निघाल्यावर लवकरच ठेवले गेले असावे, असे भगवानलालांनी मानले. स्तूपाच्या उभारणीचा काळ त्यांनी यावरूनच ठरवला. पण त्याच पेटीतल्या आठ मूर्ती घडणीवरून पुष्कळ उशिराच्या दिसतात, आणि आज त्या आठव्या-नवव्या शतकातल्या समजल्या जातात. एखादी ठेव शेवटची बंद केव्हा झाली, हे तिच्यातल्या सर्वांत जुन्या वस्तूवरून ठरत नाही, सर्वांत अलीकडच्या वस्तूवरून ठरते, हा उत्खननशास्त्राचा साधा नियम आहे. घराच्या तिजोरीत आजीच्या लग्नातला रुपया मिळाला म्हणून ती तिजोरी आजीच्या लग्नात बंद झाली, असे कोणी म्हणत नाही. तेव्हा दोनच शक्यता उरतात. एक तर दुसऱ्या शतकातला स्तूप पाच-सहाशे वर्षांनी कोणी तरी श्रद्धेने उघडला, त्यात मूर्तींचे कडे बसवले आणि पुन्हा बंद केला, किंवा संपूर्ण ठेवच त्या उशिराच्या काळात, जपून ठेवलेले जुने नाणे घालून, तयार झाली. यांपैकी पहिली शक्यता अधिक पटते, कारण न झिजलेले नाणे सहा शतके कोणी वेगळे सांभाळून ठेवील याहून, ते आधीच बंद पेटीत होते, हे मानणे सोपे आहे. तसे असेल, तर भगवानलालांच्या एक हजार वर्षे आधी त्याच टेकाडावर कुणी कुदळ चालवली होती, आणि त्या माणसाला काळ ठरवायचा नव्हता, सात बुद्धांच्या रांगेत मैत्रेयाची जागा राखायची होती.

दुसरा प्रश्न त्या तेरा तुकड्यांचा. येथे भगवानलालांचा निष्कर्ष असा झाला की, हे गौतम बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे असावेत. त्यांचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. सोन्यात ठेवण्याजोगी मातीची खापरी ही नुसती खापरी असू शकत नाही, बुद्धाच्या भिक्षापात्राची पूजा होत असल्याचे बौद्ध परंपरा सांगते, आणि पूर्णाच्या कथेने बुद्धाला सोपाऱ्याशी आधीच जोडलेले होते. यांतली पहिली दोन विधाने इतिहासाची आहेत, तिसरे कथेचे आहे, आणि तिन्ही मिळून जो निष्कर्ष निघतो तो पहिल्या दोनांतून निघत नाही. ज्यांनी तुकडे ठेवले त्यांची समजूत काय होती, हे पाच करंडकांची उतरंड खात्रीने सांगते. ती समजूत खरी होती की नाही, याविषयी ती काहीच सांगू शकत नाही. शिलालेखातल्या एकेका अक्षराच्या वळणावरून शतक ठरवणाऱ्या माणसाने ही पायरी घेतली, यात त्याची कुवत कमी पडली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ठेवणाऱ्यांची श्रद्धा इतक्या सुबक रीतीने बांधलेली होती की उघडणाराही तिच्या आवाक्यात आला, असेच म्हणावे लागते.

आजची प्रयोगशाळाही या प्रश्नाला भगवानलालांपेक्षा फार पुढे नेऊ शकत नाही. भाजक्या मातीतल्या खनिजांत किरणोत्साराने साठत जाणारी ऊर्जा, तुकडा तापवल्यावर, प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते, आणि तो प्रकाश मोजून भांडे शेवटचे भाजले त्याला किती काळ लोटला याचा अंदाज करता येतो. या पद्धतीला तापदीप्ती म्हणतात. तिच्यासाठी नमुन्याचा काही भाग खर्ची घालावा लागतो आणि तो कोणत्या मातीत पडून होता तेही ठाऊक असावे लागते. सोन्या-चांदीच्या डब्यांत राहिलेल्या नखाएवढ्या तुकड्यांसाठी दोन्ही अटी जड आहेत. शिवाय भांडे बुद्धाच्या काळातले ठरले, तरी ते कोणाच्या हातातले होते हे कळणार नाही, आणि नंतरचे ठरले, तरी ज्यांनी ते पुजले त्यांच्या पूजेचे स्वरूप बदलणार नाही.

धातूंना केवळ वस्तू मानणारी दृष्टी या किनाऱ्यावर याआधीही आली होती, पण ती शास्त्राची नव्हती. १५६० मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय दों कोन्स्तान्तिनो द ब्रागांझा याने जाफनावर स्वारी केली आणि बुद्धाचा म्हणून पुजला जाणारा एक दात गोव्याला आणला. पेगूच्या, म्हणजे ब्रह्मदेशाच्या, राजाने त्याबद्दल प्रचंड रक्कम देऊ केली. पोर्तुगीज सरदारांना व्यवहार पसंत होता, कारण खजिन्यात खडखडाट होता. आर्चबिशप गास्पार यांनी मात्र मूर्तिपूजेला साहाय्य करणे पाप आहे असा पवित्रा घेतला, आणि १५६१ मध्ये तो दात कुटून, जाळून, त्याची राख नदीत टाकण्यात आली. खरा दात वेगळाच होता आणि तो सुरक्षित आहे, असे सिंहली बौद्धांनी नंतर सांगितले, आणि कँडीच्या मंदिरात त्याची पूजा आजही चालते. त्याच गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव काही वर्षांपूर्वीच, १५५४ मध्ये, आदराने आणले गेले होते. म्हणजे अवशेषांना अर्थ असतो की नाही, हा वाद गोव्यात नव्हता, कोणाच्या अवशेषांना तो असावा एवढाच होता. ज्याला वस्तूत काहीच दिसत नाही तो ती जाळण्याचे कष्ट घेत नाही.

तीन शतकांनंतर मुंबईत आलेली दृष्टी याहून थंड होती. सोपाऱ्याची ठेव जाळली गेली नाही, पुजलीही गेली नाही. ती टाउन हॉलमध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेकडे जमा झाली आणि सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन छापले गेले. अन्यत्र असे अवशेष पुढे धर्माकडे परतले. अलेक्झांडर कनिंगहॅमने १८५१ मध्ये सांचीजवळ उघडलेले सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांचे धातू लंडनला गेले आणि एका शतकाने परत येऊन १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात स्थापन झाले, तर पिप्रावा येथे १८९८ मध्ये मिळालेल्या अस्थी ब्रिटिश सरकारने सयामच्या राजाला दिल्या. सोपाऱ्याचा करंडक सोसायटीच्या संग्रहातच राहिला.

त्याच १८८२ सालात, त्याच गावाजवळच्या भातेला तलावापाशी, भगवानलालांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा उजेडात आला. सोपाऱ्याला चौदा लेखांची पूर्ण मालिका कोरलेली असावी, असे या दोन तुकड्यांवरून मानले जाते. आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा काढीत, आपण मात्र अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. नवव्या लेखाचा विषय याहून थेट आहे. आजारपणात, लग्नात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, ते करावेत खरे, पण त्यांचे फळ अनिश्चित असते, खरे फळ देणारे मंगल म्हणजे दास-सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांशी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान, असा त्याचा आशय आहे. विधीची उपयुक्तता अनुभवाच्या फळावर तपासण्याची ही भूमिका आहे. विधी बंद करण्याचा हुकूम मात्र अशोक काढत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे.

हा दुसरा तुकडा सापडला ते वर्ष बौद्ध जगात बुद्धाच्या परिनिर्वाणाची २५०० वर्षे म्हणून साजरे झाले, आणि त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मराठीत बुद्धचरित्राची चिकित्सा याआधीच सुरू झालेली होती. गोव्याचे धर्मानंद कोसंबी श्रीलंकेत भिक्षू झाले, पाली शिकले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवू लागले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र एका रात्रीत घर सोडतो, ही कथा जुन्या पाली ग्रंथांच्या आधारे टिकत नाही, असे त्यांनी दाखवले, आणि गृहत्यागाचे कारण शाक्य व कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी जोडले. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात हाच प्रश्न उचलला. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत कोणाला म्हातारपण आणि मृत्यू दिसलेच नाहीत, हे बुद्धीला पटत नाही, असे ते म्हणतात, आणि पाण्याच्या तंट्यालाच गृहत्यागाचे निमित्त मानतात. धर्म टिकायचा असेल तर तो विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, ही त्यांची अट होती. पण अट घालून ते थांबले नाहीत. चमत्कार गाळलेल्या बुद्धाला त्यांनी दीक्षेच्या विधीत, प्रतिज्ञांत आणि वंदनेत पुन्हा बसवले. सोपाऱ्याच्या खापऱ्यांवर भगवानलालांनी जो पूल एका अनुमानाने बांधला होता, तो त्यांनी अनुमानाशिवाय बांधला. बुद्धाशी नाते जोडायला त्याच्या वापरातली वस्तू हातात असावी लागते, हे गृहीतच त्यांना मान्य नव्हते.

या बदलाचा परिणाम सोपाऱ्यावर उलट दिशेने झाला. ज्या धर्मांतराने अवशेषांच्या पूजेला दुय्यम मानले, त्याच धर्मांतराने अवशेष निघून रिकाम्या झालेल्या टेकाडाला उपासक मिळवून दिले. बुद्धपौर्णिमेला मुंबई आणि पालघर परिसरातले बौद्ध स्त्री-पुरुष पांढऱ्या वस्त्रांत येथे येतात, मेणबत्त्या लावतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात. स्तूप भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, आणि या खात्याचे धोरण असे आहे की, स्मारक संरक्षित होताना जेथे पूजा चालू होती तेथेच ती चालू द्यावी. या कसोटीवर सोपारे हे ‘मृत’ स्मारक ठरते, कारण संरक्षणाच्या वेळी तेथे बौद्ध पूजा नव्हती, होता फक्त बुरुड राजाचा कोट. खात्याने काळजी घ्यायची ती विटांची, मेणाच्या डागांची, पायाखाली झिजणाऱ्या कडांची, आणि ती रास्तच आहे. तरी ज्या स्तूपात दुसऱ्या शतकातल्या नाण्यासोबत आठव्या-नवव्या शतकातल्या मूर्ती निघाल्या, त्याच्याबाबतीत ‘मृत’ हा शब्द वापरताना पुरातत्त्व खात्याने भगवानलालांच्या उत्खननाचा अहवाल उघडून पाहायला हरकत नाही.